इन्कम टॅक्सची १४३(२) ची नोटीस आलीय आणि एजंट फोन उचलत नाही: उत्तर कसं द्यायचं

तुमचं सगळं नीट वाचलं. परिस्थिती अशी दिसतेय की तुम्ही खारघरला आईंच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहता, नोकरी ऐरोलीला आयटी कंपनीत, २०२३-२४ चं रिटर्न (म्हणजे असेसमेंट इयर २०२४-२५) ओळखीतल्या एका एजंटने भरून दिलं आणि ६९ हजारांच्या आसपास रिफंड आला. जून २०२५ मध्ये १४३(२) ची, म्हणजे रिटर्नची तपासणी (स्क्रुटिनी) सुरू झाल्याची नोटीस आली, ती एजंटने 'रुटीन आहे, मी बघतो' म्हणून तशीच ठेवली, आणि आता १४२(१) खाली प्रश्नावली आलीय. त्यात तीन गोष्टी विचारल्यात: आईंना दिलेलं भाडं आणि त्यावरचा एचआरए (पगारातला घरभाडे भत्ता), राजकीय पक्षाला दिलेली दीड लाखाची देणगी, आणि सेव्हिंग खात्यात भरलेली ११ लाख ४० हजारांची कॅश. उत्तराला नऊ दिवस उरलेत आणि तुम्ही विचारताय की वाशीला ऑफिसात जाऊन साहेबांना भेटून सगळं समजावलं तर चालेल का.

नाही चालणार, आणि हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. मी ठाण्यात नौपाड्यात बावीस वर्षं हेच काम करतोय. पूर्वी हातात फाइल घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर बसायचो, नंबर आला की तोंडी समजावता यायचं, 'साहेब हे बघा, हा फ्लॅट आईचा, मुलगा तिच्याकडेच राहतो', आणि समोरच्याला पटायचंही. आता कलम १४४बी खाली फेसलेस असेसमेंट आहे, तुमची केस ठाण्यात किंवा वाशीत नाहीच, ती देशात कुठल्या तरी शहरातल्या असेसमेंट युनिटकडे आहे, तिथला अधिकारी तुम्हाला कधी भेटणार नाही, त्याचं नावही तुम्हाला कळणार नाही. त्याला खारघर कुठे आहे माहीत नसेल, मुरबाड तालुक्यातलं तुमचं गाव माहीत नसेल, सातबारा कधी पाहिला नसेल, मराठी येत नसेल. त्याच्यासमोर फक्त तुम्ही अपलोड केलेले कागद आणि तुम्ही लिहिलेली दोन-तीन पानं. मी उत्तर लिहायला बसतो तेव्हा असा अनोळखी माणूस डोळ्यासमोर ठेवतो जो हुशार आहे, घाईत आहे आणि आपल्या भागातलं काहीही त्याला माहीत नाही, त्याला कुणालाही फोन न करता सगळं कळलं पाहिजे. तुम्हीही तसंच करा.

आता आधी नोटीस खरी आहे का ते बघा, कारण खोट्या ईमेलचा हल्ली सुळसुळाट आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन नावाचा नंबर असतो. पोर्टलवर लॉगिन न करताही, पहिल्या पानावरच नोटीस पडताळण्याची सोय आहे, तिथे तो नंबर टाकला की नोटीस त्यांचीच आहे का ते लगेच कळतं. व्हॉट्सअॅपवर येऊन 'केस मिटवतो, इतके पाठवा' म्हणणारा कुणीही विभागाचा नसतो. तुमची नोटीस पोर्टलवर ई-प्रोसीडिंगमध्ये दिसतेय म्हणता, म्हणजे ती खरीच आहे.

दुसरं काम आजच रात्री करा. पोर्टलवर माय प्रोफाइलमध्ये जाऊन ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते बघा. माझी खात्री आहे की एजंटचा असेल. बरेच एजंट स्वतःचाच नंबर टाकतात, ओटीपी मागायला लागू नये म्हणून, आणि मग नोटीस, रिमाइंडर, शो कॉज (कारणे दाखवा नोटीस) सगळं त्यांच्याकडे जातं आणि ज्याच्या नावाची नोटीस आहे त्याला महिनोन्महिने पत्ताच नसतो. माझ्याकडे असे लोक येतात ज्यांना थेट डिमांड आल्यावर कळलं की आपली स्क्रुटिनी चालू होती. तेव्हा स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाइल टाका, पासवर्ड बदला, आणि यापुढे कुणालाही रिटर्न भरायला दिलं तरी हे दोन्ही स्वतःचेच ठेवा.

नऊ दिवसांत सगळे कागद जमणार नाहीत, कारण बँकेची जुनी स्टेटमेंट आणि गावचे कागद यायला वेळ लागतो. तिथेच ई-प्रोसीडिंगमध्ये मुदत मागायची सोय आहे, ती वापरा, कारण खरं ते लिहा की अमुक बँकेकडे अमुक तारखेला अर्ज केलाय, कागद यायचे आहेत. पण नुसती मुदत मागून गप्प बसू नका, जे आज हातात आहे ते पार्शल रिस्पॉन्स म्हणून टाका, फुल रिस्पॉन्स निवडू नका कारण तो एकदा दिला की त्या नोटिशीचं उत्तर पूर्ण झालं असं धरलं जातं. आणि लक्षात ठेवा, तुमच्या वर्षाची असेसमेंट ३१ मार्च २०२६ पर्यंत पूर्ण करायची मुदत त्यांच्यावर आहे, त्यामुळे वेळ वाढवून मिळाला तरी तो थोडाच मिळेल. उत्तरच दिलं नाही तर प्रत्येक चुकीला १० हजार दंड लागू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कलम १४४ खाली अधिकारी त्याच्याकडे असलेल्या माहितीवरून एकतर्फी ऑर्डर काढतो. ती नंतर निस्तरायला वर्षं जातात.

नोटीस लिमिटेड स्क्रुटिनीची आहे का कम्प्लीट, तेही वर लिहिलेलं असतं. तुमची लिमिटेड आहे, तीन मुद्द्यांपुरती. मग उत्तरही तीन मुद्द्यांपुरतंच द्या. लोक घाबरून पाच वर्षांची स्टेटमेंट, म्युच्युअल फंड, सोन्याच्या पावत्या सगळं ओततात, त्याने खरा मुद्दा त्या ढिगात हरवतो आणि नवे प्रश्न निघतात. जे विचारलंय ते पूर्ण द्यायचं आणि जे नाही विचारलं ते नाही द्यायचं.

आता तीन मुद्दे. तुम्ही एचआरएची काळजी सगळ्यात जास्त करताय, पण माझ्या मते सगळ्यात गंभीर कॅश आहे. का ते आकड्यात सांगतो. कॅशचा खुलासा पटला नाही तर ती रक्कम ६९ए खाली तुमचं उत्पन्न धरली जाते आणि त्या वर्षाला त्यावर ११५बीबीई चा दर लागतो, ६० टक्के टॅक्स, त्यावर २५ टक्के सरचार्ज, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ७८ टक्के. ११ लाख ४० हजारांवर ८ लाख ८९ हजार २०० रुपये. व्याज आणि दंड वेगळा. म्हणून सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या.

तुम्ही लिहिलंय की आईंच्या वाट्याची मुरबाडकडची भातशेती २०२३ मध्ये विकली, पैसे चेकने आईंच्या खात्यात आले, गावचं घर दुरुस्त करायला जुलै-ऑगस्टमध्ये १३ लाख कॅश काढली, १ लाख ६० हजारांचं सामान घेतलं, मग भाऊबंदकीत काम अडकलं आणि उरलेली कॅश जानेवारी २०२४ मध्ये जॉइंट खात्यात भरली, ज्यात पहिलं नाव तुमचं. इथेच सगळा घोळ आहे. एका वर्षात सेव्हिंग खात्यांमध्ये १० लाख किंवा जास्त कॅश भरली गेली की बँक ती विभागाला कळवते, आणि जॉइंट खातं असेल तर पूर्ण रक्कम सगळ्या खातेदारांच्या पॅनवर जाते, म्हणजे पैसा आईंचा पण तुमच्या एआयएसमध्ये (विभागाकडे तुमच्या पॅनवर जमलेल्या माहितीचं पत्रक) तो तुमचा दिसतो. अधिकाऱ्याला फक्त एवढंच दिसतंय की पगारदार माणसाने साडेअकरा लाखांच्या आसपास कॅश भरली. त्याने विचारलं नसतं तरच नवल.

उत्तरात सगळ्यात आधी एका वाक्यात सांगा की हे खातं आई आणि मुलगा असं जॉइंट आहे आणि भरलेली कॅश आईच्या स्वतःच्या पैशातली आहे. मग तारखेवार तक्ता: अमुक तारखेला खरेदीखत, अमुक तारखेला चेक आईच्या खात्यात जमा, अमुक तारखांना इतकी कॅश काढली, अमुक तारखांच्या बिलांनी १,६०,००० खर्च, शिल्लक ११,४०,०००, अमुक तारखेला भरणा. १३ लाखातून १ लाख ६० हजार गेले की बरोबर ११ लाख ४० हजार उरतात, हे तुमचं नशीब, बहुतेकांचे आकडे असे जुळत नाहीत. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे कागदाचा नंबर टाका, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागणार नाही. आईंच्या खात्याचं पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट द्या, फक्त ती चार पानं नको. बँकेच्या शाखेतून कॅश भरल्याच्या स्लिपची प्रत मागा, त्यावर आईंची सही असेल तर फारच उत्तम. आईंचं शपथपत्र जोडा, पॅनसह, साध्या भाषेत, जे घडलं तेच.

'पाच महिने कॅश घरात का ठेवली' हा प्रश्न येणारच, तो विचारायची वाट बघू नका. घराचं काम का थांबलं ते लिहा, मिस्त्रीचं कोटेशन, सिमेंट-लोखंडाची बिलं, भावकीतल्या कुणी ग्रामपंचायतीत हरकत घेतली असेल तर त्या अर्जाची प्रत. बँकेतून पैसे काढल्याचा पुरावा आहे आणि ते दुसरीकडे कुठे खर्च झाल्याचं दिसत नाही, तर निव्वळ मधे काही महिने गेले म्हणून खुलासा फेटाळता येत नाही असे न्यायाधिकरणांचे बरेच निकाल आहेत. पण निकालांची रांग लावण्यापेक्षा स्वतःचे कागद पक्के ठेवा, माझ्या अनुभवात केस कागदावर सुटते.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. तुमच्या प्रश्नात तुम्ही सहज लिहून गेलात की 'आईने मला गिफ्ट दिले असं दाखवू का, आई-मुलाच्या गिफ्टवर टॅक्स नाही ना'. टॅक्स नाही हे खरं. पण कलम २६९एसटी प्रमाणे एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त कॅश घेता येत नाही, आईकडूनही नाही, आणि घेतली तर २७१डीए खाली घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो. म्हणजे सोपं वाटलं म्हणून 'गिफ्ट' हा शब्द लिहिलात तर एका प्रश्नातून सुटून अकरा लाखांच्या दुसऱ्या प्रश्नात जाल, आणि मुळात ते गिफ्ट नव्हतंच. जे घडलं ते जास्त सुरक्षित आहे. एआयएसमध्येही त्या नोंदीवर 'माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित' असा फीडबॅक देता येतो, तो द्या, पण त्यावर विसंबू नका, खरं उत्तर ई-प्रोसीडिंगमध्येच द्यायचं.

गावच्या कागदांबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे आपली माणसं हमखास मार खातात. कळव्याचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते, असंच शेतजमिनीचं प्रकरण, त्यांनी स्वतःच उत्तर दिलं होतं, प्रामाणिकपणे सगळं जोडलं होतं, सातबारा, फेरफार, खरेदीखत, सगळं मराठीत, मोबाइलवर काढलेले फोटो, काही आडवे. शो कॉज नोटीस आली की खुलाशाला आधार देणारा पुरावा दिलेला नाही. बिचारे हादरले, 'अहो सगळं तर दिलंय' म्हणत होते. दिलं होतं, पण वाचणाऱ्याला वाचताच येत नव्हतं. आम्ही प्रत्येक मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, भाषांतरकाराच्या सहीशिक्क्यासकट, मूळ कागदाच्या मागोमाग लावलं, आणि सुरुवातीला अर्ध्या पानात समजावलं की सातबारा म्हणजे काय, त्यात मालकाचं नाव कुठे असतं, पीकपाणी कुठे असतं, फेरफार म्हणजे काय. ती रक्कम उत्पन्नात धरली गेली नाही. तुम्हीही हेच करा. आईंचं माहेरचं नाव सातबाऱ्यावर असेल आणि पॅनवर सासरचं, तर दोन्ही एकच व्यक्ती हे सांगणारा कागद लावा, गॅझेट किंवा लग्नाचा दाखला. आपल्याला हे सांगायची गरजच वाटत नाही, त्या अधिकाऱ्याला मात्र ती दोन वेगळी माणसं दिसतात.

जमीन शेतीची आणि ग्रामीण आहे म्हणून विक्रीवर कॅपिटल गेन नाही, हे आईंच्या बाजूचं आहे, पण पैशाचा उगम स्वच्छ दाखवायला तेही लागेल. नियम असा की १० हजार ते १ लाख लोकवस्तीच्या नगरपालिकेपासून, नगरपंचायतही त्यातच आली, सरळ रेषेत २ किलोमीटर, १ ते १० लाखाला ६, आणि १० लाखावर ८ किलोमीटरच्या आत जमीन नसावी. तलाठ्याकडून अंतराचा आणि पीकपाण्याचा दाखला घ्या.

आता एचआरए. आईला भाडं देणं बेकायदेशीर नाही, ती भीती आधी मनातून काढा. फ्लॅट आईंच्या नावावर, भाडं दर महिन्याला बँकेतून ३६ हजार गेलंय, आईंनी ते त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवलंय, हे तिन्ही तुमच्याकडे आहे आणि हेच मुख्य आहे. मुंबईच्या आयकर न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये आईला भाडं दिल्याचा एक दावा फेटाळला होता, पण तिथे भाडं कॅशने दिल्याचं सांगितलं होतं आणि त्याला बँकेचा आधार नव्हता, सोसायटीला कळवलेलं नव्हतं, करारही नव्हता. तुमच्याकडे इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा), बँक स्टेटमेंट, सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल, आईंच्या रिटर्नची पावती एवढं आहे, ते लावा. इंडेक्स टूचं भाषांतर विसरू नका.

लीव्ह अँड लायसन्सचा करार नाही म्हणता. आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, म्हणून पुढच्या वर्षापासून तो करून घ्या, घरबसल्या ऑनलाइन होतो. पण मागच्या वर्षासाठी आता करार 'तयार' करायचा नाही. हे मी हात जोडून सांगतो. मागच्या तारखेच्या पावत्या आणि करार करून देणारे लोक तुम्हाला भेटतील, स्टॅम्प पेपरची तारीख, नोटरीची नोंद, हे सगळं तपासता येतं, आणि पकडलं गेलं की एचआरएचा छोटा मुद्दा खोट्या कागदाचा मुद्दा होतो, त्यावर खटलासुद्धा होऊ शकतो. आणि ज्या क्षणी एक कागद खोटा निघाला त्या क्षणी तुमच्या कॅशच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. करार नाही तर 'लेखी करार नव्हता, आई-मुलात तोंडी ठरलं होतं, भाडं दरमहा बँकेतून दिलं' असं सरळ लिहा.

पण एचआरएत एक चूक तुमच्याकडून झालीय, म्हणजे एजंटकडून, आणि ती आपल्या भागात इतक्या लोकांची होते की सविस्तर सांगतो. मेट्रोसाठी पगाराच्या ५० टक्के ही मर्यादा त्या वर्षाला मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चारच शहरांना होती, बाकी सगळीकडे ४० टक्के. ठाणे मुंबई नाही, नवी मुंबई मुंबई नाही, खारघर तर वेगळ्याच महापालिकेत. ऑफिस कुठे आहे हे बघत नाहीत, भाड्याचं घर कुठे आहे ते बघतात. मुलुंडमध्ये राहणाऱ्याला ५०, एक स्टेशन पुढे ठाण्यात राहणाऱ्याला ४०. तुमचं बेसिक ६० हजार, वर्षाचं ७ लाख २० हजार. मिळालेला एचआरए ३ लाख ६० हजार. भाडं ४ लाख ३२ हजार, त्यातून बेसिकचे १० टक्के म्हणजे ७२ हजार वजा, ३ लाख ६० हजार. ५० टक्के धरले की तिन्ही आकडे ३ लाख ६० हजारच येतात, एजंटने तेच धरलं. ४० टक्क्यांनी मात्र २ लाख ८८ हजार येतात आणि तीनपैकी सगळ्यात कमी तेवढंच माफ. तुमच्या कंपनीने फॉर्म १६ मध्ये बरोबर २ लाख ८८ हजारच धरलेत, एजंटने रिटर्नमध्ये ७२ हजार वाढवले. ३० टक्क्यांच्या स्लॅबला सेस धरून ३१.२ टक्के, म्हणजे २२ हजार ४६४ रुपये.

आणि दीड लाखाच्या देणगीवर त्याच दराने ४६ हजार ८०० रुपये. दोन्ही मिळवा, ६९ हजार २६४. तुमचा रिफंड नेमका इथून आला.

देणगीबद्दल तुम्ही प्रांजळपणे लिहिलंय की कुठल्याच पक्षाला पैसे दिले नाहीत, एजंटने 'यात जास्त रिफंड बसतो' म्हणून टाकलं. हे खरं बोललात हे फार बरं केलंत, कारण ही वजावट वाचवायचा प्रयत्न करण्यात काही अर्थ नाही. ८०जीजीसी वर, म्हणजे पक्षाला दिलेल्या देणगीच्या वजावटीच्या कलमावर, विभागाची नजर काही वर्षांपासून आहे, १४ जुलै २०२५ ला तर खोट्या वजावटी टाकून देणाऱ्या लोकांवर देशभर दीडशेच्या आसपास ठिकाणी एकाच वेळी कारवाई झाली. कुणी आता पावती आणून देतो म्हणेल. घेऊ नका.

रिवाइज्ड रिटर्नची मुदत, वाढवून दिलेली धरूनही, १५ जानेवारी २०२५ लाच संपली, आणि असेसमेंट चालू असताना त्या वर्षाचं अपडेटेड रिटर्नही भरता येत नाही. म्हणून मार्ग एकच, उत्तरातच लिहून द्या की ८०जीजीसी ची १,५०,००० ची वजावट आणि एचआरएमधले जादा ७२,००० मी मागे घेतो, सुधारित कॉम्प्युटेशन जोडा, टॅक्स आणि व्याज काढून चलन भरा, असेसमेंट इयर २०२४-२५ नीट निवडा, आणि चलन उत्तराला लावा. अधिकाऱ्याने शो कॉज पाठवायच्या आत हे झालं पाहिजे. स्वतःहून, आधी मान्य केलेलं आणि पकडल्यावर मान्य केलेलं यात ऑर्डर लिहिताना मोठा फरक पडतो. एजंटने केलं हे जरूर लिहा, एजंटला फी दिल्याची यूपीआयची नोंद, त्याचे मेसेज असतील तर जोडा, पण सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होता येत नाही, रिटर्नचं व्हेरिफिकेशन तुमच्या नावाने झालंय.

दंडाचं खरं चित्र सांगतो, गोड बोलून उपयोग नाही. २७०ए मध्ये दोन प्रकार आहेत. उत्पन्न कमी दाखवलं तर त्या टॅक्सच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती देऊन कमी दाखवलं तर २०० टक्के. एचआरएचं ४०-५० हे प्रामाणिक चूक म्हणून मांडता येतं, सगळी माहिती तुम्ही उघड दिली होती, त्यावर दंड न लागण्याची चांगली शक्यता आहे. देणगीचं तसं नाही, तिथे दुसरा प्रकार लावला जाऊ शकतो, ढोबळ ९३ हजार ६००. स्वतःहून मागे घेतलं, टॅक्स भरला, हेतू फसवायचा नव्हता, हे सगळं मांडून पहिल्या प्रकारात ठेवायचा प्रयत्न करायचा. ऑर्डर आली की त्यात नेमका कुठला शब्द वापरलाय ते बघा. फक्त पहिला प्रकार असेल तर टॅक्स आणि व्याज मुदतीत भरून, अपील न करता, फॉर्म ६८ मध्ये २७०एए खाली दंडमाफी मागता येते, ऑर्डर ज्या महिन्यात मिळाली तो महिना संपल्यापासून एका महिन्यात. ही तारीख चुकवणारे लोक मी फार पाहिलेत.

उत्तर लिहिताना इंग्रजी साधं ठेवा, छोटी वाक्यं. त्यांनी ज्या क्रमाने विचारलंय त्याच क्रमाने, त्यांचा प्रश्न वर, खाली तुमचं उत्तर, खाली जोडलेल्या कागदांचे नंबर. फाइलला 'स्कॅन००१' असलं नाव नको, 'अॅनेक्शर ३ आईचे बँक स्टेटमेंट' असं द्या. फोटो नको, सरळ स्कॅन केलेली पीडीएफ, साइझची मर्यादा असते तेव्हा आधीच लहान करून घ्या. शेवटच्या रात्री अपलोड करू नका, दोन दिवस आधी करा, सबमिट झाल्यावर पावती डाउनलोड करून ठेवा.

तरीही त्यांना पटलं नाही तर रक्कम उत्पन्नात धरायच्या आधी शो कॉज नोटीस द्यावीच लागते. तिला मुदत फार कमी असते, म्हणून मार्चपर्यंत रोज एकदा पोर्टल उघडून बघा, ईमेलवर विसंबू नका. शो कॉजच्या उत्तरासोबत व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणी मागता येते, कॅशच्या मुद्द्यावर ती नक्की मागा, 'साहेबांना समजावून सांगणं' आता फक्त तिथेच जमतं. पुढे ऑर्डर विरोधात गेलीच तर फॉर्म ३५ मध्ये ३० दिवसांत अपील, फी तुमच्या उत्पन्नाला हजार रुपये, डिमांड साधारण २० टक्के भरून थांबवून मागता येते. नुसती आकडेमोड चुकली असेल तर १५४ खाली दुरुस्ती, आणि त्या टप्प्यावर मात्र आपल्या इथल्या ऑफिसात जायला हरकत नाही, वसुली आणि दुरुस्तीचं काम स्थानिक अधिकाऱ्याकडेच येतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय म्हणून गोंधळू नका, तुमच्या वर्षाचं सगळं जुन्या १९६१ च्या कायद्यानेच चालेल.

सीए घ्यायचा का? देणगी आणि एचआरएपुरतं असतं तर स्वतः करा म्हणालो असतो. कॅशसाठी घ्या, आणि असा घ्या जो उत्तर सबमिट करायच्या आधी तुम्हाला वाचायला देईल.

उद्या सकाळी आईंना घेऊन त्यांच्या मुरबाडच्या शाखेत जा, स्टेटमेंट आणि स्लिपचा लेखी अर्ज द्या, त्याच्या पोच घेतलेल्या प्रतीवर मुदतीचा अर्ज टाका. तिथूनच तलाठ्याकडे. इंडेक्स टू आणि भाड्याची स्टेटमेंट घरात आहेत, ती परवापर्यंत स्कॅन करून पार्शल रिस्पॉन्समध्ये चढवा.